ॲल्डोस्टेरॉन-रेनिन चाचणी : मुंबईतील दोन लॅबच्या सेवेचे परीक्षण

रक्तदाबाच्या तीन गोळ्या, त्यांतली एक लघवीची, नियमाने घेऊनही ज्याचा रक्तदाब उतरत नाही, अशा रुग्णाला डॉक्टर अलीकडे रक्तदाब सांभाळणाऱ्या ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन या रक्तातल्या द्रव्यांच्या दोन तपासण्या एकत्र करायला सांगतात. माझ्या धाकट्या भावाला त्या सांगितल्या गेल्या आणि त्या निमित्ताने मुंबईतील दोन लॅबच्या सेवेशी आमचा संबंध आला. पहिली लॅब मोबाइलवर नोंदणी घेऊन घरी येऊन रक्त नेते. दुसरी परळच्या रुग्णालयांच्या पट्ट्यात आहे आणि तेथे स्वतः जावे लागते. दोन्हींची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन केंद्रांतही कामाची तऱ्हा वेगळी असते, आणि लॅबला काय विचारायचे हे ठाऊक असलेल्या वाचकाला नावाची फारशी गरज पडत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते : ही चाचणी पैसे मोजून घेण्याजोगी आहे, मात्र तिची सगळी किंमत रक्त काढण्यापूर्वीच्या तयारीत आणि रक्त कोणत्या स्थितीत काढले याच्या नोंदीत आहे. पहिल्या लॅबला त्याची जाणीवच नव्हती. दुसरीला होती, पण रिपोर्ट लिहिताना ती जाणीव कमी पडली.

या चाचणीत नेमके काय विकत घेतले जाते हे समजण्यासाठी शरीर रक्तदाब कसा सांभाळते ते थोडे पाहावे लागेल. रक्ताचा दाब दोन गोष्टींवर ठरतो : हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि ते वाहून नेणाऱ्या बारीक रोहिणिका किती अरुंद आहेत. यांतली दुसरी गोष्ट फार नाजूक आहे, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुपटीने किंवा चौपटीने वाढत नाही, तो सोळा पटींनी वाढतो. त्यामुळे रोहिणिकांच्या भिंतीतले स्नायू किंचित आवळले तरी दाबावर मोठा परिणाम होतो. पहिली गोष्ट मात्र शरीरात एकूण पाणी व मीठ किती आहे यावर अवलंबून असते, आणि त्याचा हिशेब मूत्रपिंडे ठेवतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांतून जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक परत रक्तात घेतला जातो. एवढ्या मोठ्या उलाढालीत परत घेण्याचे प्रमाण अगदी थोडे जरी सरकले, तरी काही दिवसांत शरीरातले मीठ-पाणी वाढते किंवा घटते, आणि त्यामागोमाग रक्तदाबही.

रोहिणिका आवळणे आणि मीठ राखणे ही दोन्ही कामे एकाच संप्रेरक-साखळीच्या (हार्मोन्सच्या) हाती आहेत, आणि तिची सुरुवात मूत्रपिंडातूनच होते. मूत्रपिंडाच्या गाळणीत शिरणाऱ्या रोहिणिकेच्या भिंतीत काही खास पेशी असतात. त्या भागातला दाब घटला, पुढच्या नलिकेतून जाणाऱ्या द्रवात मीठ कमी आढळले, किंवा अनुकंपी मज्जातंतूंनी इशारा दिला, की या पेशी रेनिन नावाचे विकर (एन्झाइम) रक्तात सोडतात. रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात या पदार्थाचा छडा लावला, पण त्याचे महत्त्व वैद्यकाला पटायला बराच काळ लागला. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने अर्धवट आवळली आणि प्राण्यांचा रक्तदाब चढलेला दाखवला, तेव्हा या अवयवाकडे रक्तदाबाचा मालक म्हणून गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

रेनिन स्वतः रक्तवाहिनीला काही करत नाही. यकृत सतत एक मोठे प्रथिन रक्तात सोडत असते. रेनिन त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडते, तो अँजिओटेन्सिन-१. मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बसलेले दुसरे विकर त्यातली दोन अमिनो आम्ले आणखी छाटते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते. खरा कारभारी हाच. तो रोहिणिकांचे स्नायू आवळतो, मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारी रोहिणिका विशेष आवळून गाळणीतला दाब टिकवतो, नलिकांना सोडियम परत घ्यायला लावतो, तहान लावतो आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना ॲल्डोस्टेरॉन सोडण्याचा हुकूम देतो. बाजारात ‘प्रिल’ शेपटीच्या ज्या गोळ्या मिळतात त्या छाटणाऱ्या विकराला अडवतात. त्यांचा पूर्वज ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात सापडला होता. आपल्याकडे घरोघरी चालणारी टेल्मिसार्टनची गोळी अँजिओटेन्सिन-२ ला पेशीच्या दारातच रोखते. बीपीची गोळी घेणाऱ्या कितीजणांना आपण रोज याच साखळीचा एकेक दुवा बंद करत असतो हे ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.

ॲल्डोस्टेरॉनचे काम नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात चालते. गाळलेल्या सोडियमपैकी बहुतेक सगळे त्याच्या आधीच परत घेतलेले असते; उरलेल्या दोन-तीन टक्क्यांचे काय करायचे ते हे संप्रेरक ठरवते. तेथल्या पेशींत ते सोडियमची दारे वाढवते आणि सोडियम आत घेताना पोटॅशियम लघवीत सोडून देते. म्हणूनच ॲल्डोस्टेरॉन अनावर झाले की एका बाजूने मीठ-पाणी साचून रक्तदाब चढतो आणि दुसऱ्या बाजूने पोटॅशियम घसरते. भावाचे पोटॅशियम ३.२ आले होते, सामान्य पातळी साधारण ३.५ ते ५ असते, आणि पिंढऱ्यांत पेटके येत होते. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम घसरते, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. पण शंका घ्यायला एवढे पुरेसे होते. उलट, पोटॅशियम सामान्य आहे म्हणून हा विकार नाही असेही कोणी समजू नये, कारण या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत पोटॅशियम सामान्यच असते.

मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये ३४ वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली : उच्च रक्तदाब, स्नायूंची दुर्बलता व आकडी, घसरलेले पोटॅशियम, आणि अखेर अधिवृक्क ग्रंथीत सापडलेली गाठ. ती काढल्यावर त्या स्त्रीची तब्येत सुधारली. तेव्हापासून या विकाराला कॉन यांचे नाव चिकटले. दुर्मीळ रोग म्हणून पुढची कित्येक वर्षे तो पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात राहिला. आता मात्र तो समजत होतो त्याहून पुष्कळच जास्त आढळतो, असे तज्ज्ञ मानतात. २०२५ मध्ये अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची यासाठी तपासणी करावी, असे सुचवले आहे.

आता चाचणीचे मर्म. निरोगी माणसात रेनिन वाढले की ॲल्डोस्टेरॉन वाढते. दाब आणि मीठ पुरेसे झाले की रेनिन दबते आणि पाठोपाठ ॲल्डोस्टेरॉनही. सोसायटीची गच्चीवरची टाकी भरली की तरंगता गोळा पंप बंद करतो, तसेच. टाकी भरून वाहते आहे, बंद करण्याचा इशाराही मिळाला आहे, आणि तरीही पंप चालूच आहे, अशी स्थिती असेल तर दोष पंपाच्याच ठिकाणी शोधावा लागतो. रेनिन दबलेले आणि ॲल्डोस्टेरॉन चढलेले असणे म्हणजे अधिवृक्क ग्रंथी कोणाचेही न ऐकता आपल्याच मनाने काम करते आहे. दोन्ही चढलेली असतील तर मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी अरुंद झाली आहे का ते पाहायचे, गोल्डब्लाट यांच्या कुत्र्यांसारखे. दोन्ही दबलेली असतील तर आणखी तिसरीकडे वळायचे. एकट्या ॲल्डोस्टेरॉनच्या आकड्यावरून यांतले काहीच कळत नाही, आणि म्हणूनच दोन्ही एकाच वेळच्या रक्तात मोजून त्यांचे गुणोत्तर (ॲल्डोस्टेरॉन भागिले रेनिन) काढतात. ‘फक्त ॲल्डोस्टेरॉन करा, स्वस्तात होईल’ असा सल्ला काउंटरवर मिळाला तर तो सरळ नाकारावा.

पहिल्या लॅबकडे ही चाचणी नोंदवताना मोबाइलच्या पडद्यावर एकच सूचना होती : बारा तास उपाशी राहा. रक्त नेण्यासाठी सकाळी सहाची वेळ दिली गेली. घेत असलेल्या औषधांबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. चौकशीसाठी दिलेल्या क्रमांकावर बोलणारी मुलगी अत्यंत नम्र होती, पण तिच्यापुढच्या यादीत या चाचणीविषयी उपवासापलीकडे काही लिहिलेलेच नव्हते. येणाऱ्या माणसाने खात्रीलायक आवाजात सांगितले की सॅम्पल बर्फात ठेवून नेऊ, काळजी करू नका. या चाचणीत काळजी नेमकी त्याचीच करायची असते.

यांतल्या वेळेची आणि बर्फाची गोष्ट का चुकते ते आधी सांगते; औषधांचे पुढे येईलच. अंथरुणात आडवे असताना रेनिन व ॲल्डोस्टेरॉन दोन्ही कमी असतात आणि उठून वावरू लागल्यावर वाढतात. म्हणून रुग्णाने सकाळी उठून किमान दोन तास हिंडते-फिरते असावे, मग पाच ते पंधरा मिनिटे बसावे आणि नंतर रक्त द्यावे, अशी रीत आहे. सहाला दार वाजवून झोपेतून उठवलेल्या माणसाचे रक्त या हिशेबात बसत नाही. बर्फाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. रक्तात रेनिनचे अजून न जागलेले, पूर्वावस्थेतले रूपही भरपूर असते, आणि थंडीत ते जागे होऊ लागते. मग प्रयोगशाळेत रेनिन खऱ्याहून जास्त दिसते, गुणोत्तर खोटेच उतरते, आणि ज्याला विकार आहे त्याला ‘सर्व ठीक’ असा दाखला मिळतो. म्हणून लॅबमध्ये पोहोचेपर्यंत नळी सामान्य तापमानालाच ठेवायची, आणि तेथे द्रव वेगळा केल्यावर तो झटपट गोठवायचा. मुंबईत घरोघरी रक्त गोळा करणाऱ्याच्या पिशवीत साखरेच्या, थायरॉइडच्या आणि कोलेस्टेरॉलच्या नळ्या एकाच थंड डब्यात असतात. मुलुंडहून निघालेला तो डबा चार घरे फिरून कुठल्या उपनगरातल्या प्रयोगशाळेत केव्हा पोहोचेल हे रस्त्यावरची गर्दी ठरवते. इतर चाचण्यांना ते चालून जाते. आम्ही ती नोंदणी रद्द केली; पैसे मात्र कुरकुर न करता परत मिळाले, हे नोंदवायला हवे.

परळच्या लॅबचा अनुभव पहिल्या फोनपासूनच निराळा होता. तेथल्या बाईंनी सगळ्यात आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि मग औषधांची यादी वाचून दाखवायला सांगितली. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या रेनिन वाढवतात, त्यामुळे विकार झाकला जाऊ शकतो. ॲटिनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या रेनिन दाबतात, त्यामुळे नसलेला विकार दिसू शकतो. आणि स्पायरोनोलॅक्टोन तर ॲल्डोस्टेरॉनच्याच वाटेत उभे राहते, म्हणून ते साधारण चार आठवडे आधी थांबवावे लागते. हे सारे त्या बाईंनी समजावले नाही, त्यांनी ते विचारले आणि म्हणाल्या, ‘कुठली गोळी थांबवायची ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, आम्ही फक्त लिहून घेतो.’ लॅबने नेमके एवढेच करावे, अशी माझी अपेक्षा आहे. भावाच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी व टेल्मिसार्टन थांबवून त्या काळापुरते वेरापामिल आणि प्राझोसिन दिले, कारण ही दोन औषधे रक्तवाहिन्या सैल करतात पण संप्रेरकांच्या या साखळीला फारसा धक्का लावत नाहीत. सगळ्यांनाच अशी अदलाबदल करावी लागत नाही. नव्या मार्गदर्शनानुसार पहिली तपासणी चालू गोळ्यांवरही करता येते, मात्र मग रिपोर्ट त्या गोळ्या लक्षात घेऊन वाचावा लागतो. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, ही चाचणी तर त्यासाठी मुळीच सबब होऊ नये.

त्यांचा पुढचा प्रश्न मला खरोखर आवडला : ‘ज्येष्ठमध घेता का? काढ्यात, खोकल्याच्या गोळ्यांत, सुपारीच्या ऐवजी?’ आमच्या घरी गळ्याच्या तक्रारीवर ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली धरणे ही पिढीजात सवय आहे आणि तिला कोणी औषध मानत नाही. शरीरात कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक ॲल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असते आणि ॲल्डोस्टेरॉनच्या कुलुपात तेही तितक्याच सहज बसते. मूत्रपिंडातले एक विकर त्या कॉर्टिसॉलला जागीच निष्प्रभ करते, म्हणून एरवी गोंधळ होत नाही. ज्येष्ठमधातला गोड घटक या विकरालाच अडवतो. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटते, मीठ साचते, पोटॅशियम पडते, रक्तदाब चढतो. सारी लक्षणे कॉन यांच्या विकाराची, आणि रक्तात रेनिन व ॲल्डोस्टेरॉन मात्र दोन्ही दबलेली. वर सांगितलेली तिसरी दिशा म्हणतात ती अशी. एखादा तुकडा चघळल्याने हे घडत नाही. रोज आणि भरपूर घेणाऱ्यात घडते. पण चाचणीपूर्वी काही आठवडे ते पूर्ण बंद असावे, हे सांगायला हवे, आणि ज्या लॅबला हा प्रश्न सुचतो तिथे या कामाचा जाणकार माणूस बसलेला आहे असे मी धरून चालते.

आहाराची सूचना घरात सर्वांत जास्त गाजली. रक्तदाब आहे म्हणून गेली कित्येक वर्षे भावाचे जेवण जवळजवळ अळणी. आणि आता डॉक्टर व लॅब दोघेही सांगत होते की मीठ नेहमीच्या माणसासारखे खा. मीठ तोडले की शरीर ते राखण्यासाठी रेनिन वाढवते, आणि वाढलेले रेनिन गुणोत्तर खाली ओढते. म्हणून तपासणीपूर्वी मीठ तोडलेले चालत नाही. भावजयीला हे पटेना. भाऊ मात्र ‘ताई, लॅबचा हुकूम आहे’ म्हणत माझ्याकडे येऊन पापड आणि कैरीचे लोणचे घेऊन गेला. पोटॅशियम आधी भरून काढणेही आवश्यक होते, कारण अँजिओटेन्सिन-२ इतकेच पोटॅशियमही ॲल्डोस्टेरॉनला चालना देते, आणि ते पडलेले असेल तर चढलेले ॲल्डोस्टेरॉनही सामान्य दिसू शकते. त्यासाठी दिलेले पोटॅशियम क्लोराइडचे सायरप चवीला भयंकर असते. पोटॅशियम सामान्य पातळीवर आल्याचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय परळच्या लॅबने वेळ दिली नाही. तेव्हा राग आला होता, पण ते बरोबरच होते.

प्रत्यक्ष रक्त काढण्याच्या दिवशी त्यांनी सकाळी साडेनऊची वेळ दिली. लोकलने परळला उतरून, पूल चढून-उतरून लॅबपर्यंत चालत जाणारा माणूस दोन तास हिंडता-फिरता होताच. उपनगरातून येणाऱ्या रुग्णाची ही अट मुंबईची लोकल आपोआप पूर्ण करते. तेथे खुर्चीवर बसवून घड्याळ लावले गेले. दंडाला पट्टी बांधली, पण मूठ आवळायला सांगितली नाही, कारण मूठ आवळल्याने पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो, आणि शीर सापडल्यावर पट्टी लगेच सैल केली. जांभळ्या टोपणाची नळी हातातच धरून आतल्या खोलीत नेली. बर्फ कुठे दिसला नाही. खोली स्वच्छ होती, पंखा करकरत होता, आणि प्रतीक्षागृहातल्या दूरदर्शन संचाचा आवाज कोणालाही कमी करता येत नव्हता. एवढेच त्या बाजूचे सांगण्यासारखे. किंमत काही हजार रुपये, म्हणजे नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या चाचणीच्या कितीतरी पट. ती आगाऊ घेतात. विमा कंपनीला देण्यासाठी पावती मागावी लागते, आपणहून देत नाहीत.

रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला आणि इथे या लॅबचे गुण मला कापावे लागतात. ॲल्डोस्टेरॉन २२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, रेनिन २ मिलियुनिट प्रति लिटर, गुणोत्तर ११. बस्स. भावाने त्याआधी कुठेतरी वाचले होते की गुणोत्तर ३० च्या वर गेले तर विकार समजतात. ११ पाहून त्याने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि घरात पेढे आणण्याची भाषा सुरू झाली. ३० ही मर्यादा मात्र रेनिनची क्रिया जुन्या पद्धतीने, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास या एककात, मोजली असेल तेव्हाची आहे. या लॅबने रेनिनचे थेट प्रमाण मिलियुनिटमध्ये मोजले होते, आणि त्या एककात तीच मर्यादा साधारण ३.७ भरते. म्हणजे ११ हा आकडा निर्धास्त करणारा नव्हता. मर्यादेच्या जवळपास तिप्पट होता. डॉक्टरांनी तो क्षणात ओळखला, पण सगळ्यांचे डॉक्टर या विषयातले नसतात. ज्या लॅबने रक्त काढण्याआधी ज्येष्ठमधापर्यंत चौकशी केली, तिने गुणोत्तराशेजारी त्याच एककातली मर्यादा छापू नये हे मला अनाकलनीय वाटते. आणखी एक उणीव अशी की रेनिनच्या सामान्य पातळ्या आडवे असताना व उभे असताना वेगवेगळ्या छापलेल्या होत्या, पण भावाचे रक्त बसलेल्या स्थितीत आणि किती वाजता काढले, कोणत्या गोळ्या चालू होत्या, याचा रिपोर्टवर उल्लेख नव्हता. ती माहिती त्यांच्याकडे होती. मी स्वतः ती लिहून घेताना पाहिली होती.

मी याविषयी लॅबला पत्र लिहिले. तेथील पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी फोन केला, म्हणणे ऐकून घेतले आणि दोन दिवसांत स्थिती, वेळ, औषधे व त्या एककातली मर्यादा घातलेला सुधारित रिपोर्ट पाठवला. प्रत्येक रुग्णासाठी हे आपोआप होईल का, यावर मात्र ‘सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलतो’ एवढेच उत्तर मिळाले.

दोन्हींची तुलना करताना एक गोष्ट पहिल्या लॅबच्या बाजूने सांगायला हवी. ज्येष्ठ नागरिकाला, डायलिसिसवरच्या रुग्णाला किंवा चालू न शकणाऱ्याला परळपर्यंत नेणे सोपे नाही, आणि साखर, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांसाठी घरी येणाऱ्या सेवेला मी दोष देणार नाही. आम्हीही ती वापरतो. संप्रेरकांच्या या जोडचाचणीसाठी मात्र घरपोच सेवा घ्यायचीच असेल, तर नोंदणीपूर्वी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात : सकाळी उशिराची वेळ मिळेल का, नळी बर्फाविना न्याल का, औषधांची यादी रिपोर्टवर येईल का, आणि रेनिन कोणत्या एककात मोजता. पलीकडचा माणूस चौथ्या प्रश्नाला अडखळला तर ‘विचारून कळवतो’ म्हणणारा चालेल. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारा चालणार नाही.

ही चाचणी काय सांगत नाही, तेही ग्राहकाला माहीत असावे. वाढलेले गुणोत्तर म्हणजे संशय, निदान नव्हे. भावाला आता सलाइनची चाचणी सांगितली आहे : चार तासांत दोन लिटर सलाइन शिरेतून देतात आणि शेवटी ॲल्डोस्टेरॉन पुन्हा मोजतात. एवढे मीठ-पाणी आत गेल्यावर निरोगी ग्रंथी गप्प बसते. न बसली तर विकार पक्का. त्यानंतर सी. टी. स्कॅन, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दोन्ही अधिवृक्क शिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन दोष एका बाजूला आहे की दोन्हीकडे, ते पाहायचे. एका बाजूचा दोष दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येतो. दोन्हीकडचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनवर भागते. रक्तवाहिन्यांची स्वतःची संप्रेरके, हृदयाच्या कप्प्यांतून निघणारे आणि मूत्रपिंडांना मीठ सोडायला लावणारे ते उलट्या स्वभावाचे संप्रेरक, ज्याचा शोध अडोल्फो दे बोल्ड यांनी १९८१ मध्ये लावला, यांतले काहीही या चाचणीत मोजले जात नाही, आणि त्यांच्या नावाने कोणी महागडे पॅकेज गळ्यात मारत असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नये.

परळच्या लॅबला पाचपैकी साडेतीन गुण देते. रिपोर्टचा साचा बदलला तर साडेचार द्यायला माझी हरकत नाही. सलाइनची चाचणी रुग्णालयात दाखल होऊन करायची आहे, पण तिथले सॅम्पल मोजायला याच लॅबकडे पाठवावे असे आम्ही डॉक्टरांना सांगितले आहे, म्हणजे दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आणि एकाच एककातले असतील.